रोज त्याच वेळी

"एखाद्या दिवशी न सांगता ये, पोरी. आणि सकाळची नको. ओन्सेच्या वेळेला, संध्याकाळच्या चहाला ये," असं मिर्ताबाईंनी मला जिन्यात अडवून सांगितलं होतं. तेव्हा माझ्या एका खांद्यावर माझी तान्ही लेक रायेन होती, दुसऱ्या खांद्यावर तिची पिशवी, आणि खाली रस्त्यावर कलेक्तिवोवाला हॉर्न वाजवत होता. शेअर टॅक्सीवाले कोकिम्बोत कुणासाठी थांबत नाहीत. मिर्ताबाई आईच्या खालच्या घरात राहतात. दोघींचं वाळत घातलेल्या कपड्यांवरून आणि मांजरावरून चाललेलं भांडण कितीतरी वर्षांचं आहे. त्यामुळे त्यांचं कुठलंही बोलणं मी आधी तिरकं धरायचे आणि मग ऐकायचे. संध्याकाळी आई जिन्यात उभी राहून तुला हाका मारते, असंही त्या म्हणाल्या. मला त्यात टोमणा ऐकू आला: आईकडे पोर टाकून जातेस, चहाला कधी टेकत नाहीस. आमच्या टेकडीवर कुणी कुणाला सरळ बोलत नाही, सगळं शेजारच्या घरावरून फिरवून आणतात. आईचा आवाज अजून खणखणीत आहे म्हणायचा, असं काहीतरी हसून बोलले आणि पायऱ्या उतरले. मिर्ताबाई वरून बघत राहिल्या. त्या बघताहेत हे मला पाठीला कळत होतं.

माझं काम काय हे सांगायला घेतलं की लोकांना वाटतं, मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसते. दुर्बिणी वर, कोरड्या डोंगरांत आहेत. मी खाली, शेजारच्या ला सेरेनात दिवसाउजेडी एका खोलीत बसते. खिडकीतून गाड्या दिसतात आणि गाड्यांच्या मागे समुद्रावरून आलेलं धुकं. वरून माझ्याकडे येतात ते नुसते ठिपके. मी ज्यांच्या मागे आहे त्या बटू दीर्घिका. म्हणायचं दीर्घिका, पण तारे काही शेच, आणि तेही इतके फिके की आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या गर्दीत मिसळून जातात. बसथांब्यावर माणसं उभी असावीत आणि त्यातली कोण एका घरची, कोण परकी, हे लांबून ओळखायचं असावं, तसं. त्यासाठी रूपविकारी तारे शोधायचे. एका जातीचे म्हातारे तारे असतात, अर्ध्याएक दिवसात ते उजळतात, मंद होतात, पुन्हा उजळतात. त्यांचं मूळ तेज किती ते ठाऊक असतं, त्यामुळे ते आपल्याला किती फिके दिसतात यावरून अंतर निघतं. फिक्या ताऱ्यांच्या एखाद्या पुंजक्यात असा एक तारा जरी सापडला, तरी सगळ्या घराचा पत्ता लागतो. नाही सापडला तर तिथे घर आहे हेच कुणी मानत नाही. माझ्या पुंजक्यात एकच तारा त्या जातीचा वाटत होता. रंग तसा, वय तसं. पण रात्रीमागून रात्री त्याचं तेज तेवढंच भरत होतं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मी त्याच्यापुढे 'स्थिर' असं लिहिलं आणि वाईट वाटलं तरी सोडून दिलं. प्राध्यापक बाल्तिएरांनी विचारलं, निरीक्षणं रात्री कधीची? मी म्हटलं, तो भाग आकाशात सर्वांत वर येतो तेव्हाची, त्या वेळी मध्ये हवा कमी असते. रोज? रोज. ते नाकातल्या नाकात हसले. म्हणाले, अर्ध्या दिवसाचा फेरा असलेल्याला रोज त्याच वेळी गाठलंस तर तो तुला रोज तोच चेहरा दाखवणार, दुसऱ्या वेळेची निरीक्षणं मागव. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ही हेच शिकवतो. पण शिकवलेली चूक नेहमी दुसऱ्याची असते. त्या दिवसांत रायेनला दात येत होते, मी दीड-दोन तासांच्या झोपेवर होते, आणि म्हाताऱ्याला माझं प्रत्येक काम पुन्हा करायला लावायची खोडच आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

सकाळी आई लख्ख असायची. हाच शब्द. पायऱ्या चढून वर जावं तर दार उघडं, रेडिओ चालू, शेगडीवर पाव खरपूस होतोय, अ‍ॅव्होकाडो चेचून ठेवलेला, आणि ती एप्रनला हात पुसत म्हणायची, "आण माझी भाकर इकडे." रायेनला ती भाकर म्हणायची. मला विचारायची, त्या ताऱ्यांनी तुझा पगार वाढवला की अजून नुसते डोळेच मिचकावताहेत? उभा जन्म तिने पपया शिजवण्याच्या कारखान्यात काढला. पाकाने भाजलेली तिची बोटं गुळगुळीत झालीत, त्यावर ठसे उमटत नाहीत. ओळखपत्राच्या कचेरीत एकदा त्यावरून केवढा घोळ झाला होता, आणि ती तिथल्या माणसाला म्हणाली होती, मग मी नाहीच असं लिहा. मी बघणारी बाई आहे. मूल झाल्यापासून तर जास्तच. रायेन झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघते, तिच्या खाटेच्या फटीत माझी मूठ जाते का बघते. तशीच आईकडेही बघायचे. हात कापतो का. गोळ्यांची डबी रिकामी होते का. गॅसची नळी चिरली नाही ना. एक शब्द शोधताना ती थांबते का. सगळं तपासून, मनातल्या मनात खूण करून, मी खाली उतरायचे. रोज सकाळी, कामावर जाण्याआधी, त्याच वेळी. रायेनला परत न्यायला माझा नवरा यायचा. इतालो बंदरावर क्रेन चालवतो. दुपारची पाळी सुटली की उजेड असतानाच तो खाली गाडीत बसून हॉर्न द्यायचा आणि आई बाळाला घेऊन खाली यायची. एकदा त्याला उशीर झाला होता. घरी येऊन सांगत होता की सासूबाईंनी आज मला झापलं, कालचा पाव शिळा होता म्हणे, पुन्हा असा पाव आणलास तर दारात उभा राहू नकोस. त्यांना मी पाववाला वाटलो, अंधार होता ना. आम्ही इतके हसलो की रायेन जागी झाली. मग तिला थोपटताना माझं हसू आपोआप थांबलं, पण का थांबलं ते मी शोधलं नाही. शोधायला हवं होतं असंही नाही. पाववाल्यासारखा तो दिसतोच थोडा.

आणि मग ती दुपार. जेवणानंतर बाल्तिएरांचा निरोप आला. त्यांनी मला न विचारता कुणाकडून तरी दुसऱ्या प्रहरातली निरीक्षणं मिळवली होती. माझ्या सरळ, कंटाळवाण्या ओळीवर खूप उंच नवे ठिपके बसले होते. तारा उजळलेला होता, चांगलाच. खाली त्यांनी एवढंच लिहिलं होतं: तारा स्थिर नव्हता, स्थिर तू होतीस. मी खुर्चीत बसून ते ठिपके बघत राहिले. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. वर्षभराच्या कामाला घर सापडलं होतं. तेवढ्यात इतालोचा फोन आला की धुक्यामुळे जहाज बाहेर अडकलंय, आम्हाला सोडत नाहीत, आज पोरीला तू आण. एवढंच. घरोघरी रोज होणारी गोष्ट. पण कलेक्तिवोत बसल्यावर मला असं झालं की जिना उतरताना एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी. बाहेर काचेवर धुक्याचं पाणी जमत होतं. दिवे लागत होते, टेकडीवरचा मोठा क्रॉस अर्धा दिसत होता, अर्धा नव्हता. माझ्या लक्षात आलं की लग्न झाल्यापासून मी ही टेकडी या वेळी पाहिलेलीच नाही. शाळेत असताना मात्र रोज पाहायचे, आईचा हात धरून. शाळेच्या फाटकाशी ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी असायची. कारखान्यातून पळत, पाकाच्या वासासकट. इतर आया हसायच्या, ओरिएता घंटेच्या आधी येते, पोर कुणी पळवणार आहे का तिची. ती कधी उत्तर द्यायची नाही. फाटकातून बाहेर आले की ती आधी माझं मनगट धरायची, मग माझ्याकडे बघायची. हात आधी, चेहरा नंतर. ते मला तेव्हा दुखायचं, आणि हे आत्ता का आठवतंय ते कळेना, म्हणून मी ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसले.

दार आतून बंद होतं. आईचं दार बंद नसतं. मी ठोठावलं. आत रायेन रडत होती, भुकेचं नाही, घाबरल्याचं रडणं. त्या दोन्हींतला फरक मला झोपेतही कळतो. आई, मी आहे, दार उघड, असं मी म्हटलं. कोण मी, असं आतून आलं. मी माझं नाव सांगितलं, यास्ना. मग दाराला अगदी चिकटून, हळू आवाजात आई म्हणाली, "यास्ना इथे माझ्याकडे आहे. तुम्ही कोण?"

मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. आई, काय चेष्टा लावलीस, असंही म्हणाले असेन. दारावर हात आपटले, ते मात्र आठवतं, कारण जितक्या जोरात मी आपटत होते तितकी ती आत एकेक वस्तू ओढून दाराशी लावत होती; खुर्ची, मग दुसरी खुर्ची, मग काहीतरी जड. आणि दाराच्या फटीतून गॅसचा वास येत होता. किटलीतलं पाणी उतू जाऊन ज्योत विझली असणार. खोलीत रॉकेलची शेगडीही पेटलेली असायची, हिवाळ्यात संध्याकाळी ती पेटवतेच. मी खांदा लावून दार ढकलायला लागले तेव्हा खालून मिर्ताबाई पायऱ्या चढून आल्या आणि त्यांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, ओरडू नकोस, ओरडलं की ती खिडकीकडे जाते. वास येतोय ना, तो आता थांबेल. सिलिंडर खाली जिन्याशी आहे, तो मी बंद केलाय. रोजच करते या वेळी. रोजच, हा शब्द त्यांनी अगदी साधा उच्चारला, कुंडीला पाणी घालते म्हणावं तसा. मग त्यांनी मला दारापासून एक पाऊल मागे ओढलं आणि स्वतःच आवाज चढवून म्हणाल्या, "ओरिएता, कुणी बाई आल्यात बघ तुझ्याकडे, चांगल्या घरच्या दिसतात."

साखळी न काढता दार बोटभर उघडलं. आईचा एक डोळा दिसला. मी तो डोळा ओळखत होते, तो मला ओळखत नव्हता. तो माझ्या चेहऱ्यावर थांबलाच नाही. खाली सरकला आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर टेकला. संस्थेचं साधं कार्ड, निळ्या पट्टीचं, वर माझा फोटो. तिचा आवाज एकदम बदलला. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, बारीक, नमता, हातात टोपी धरून उभ्या राहिलेल्या माणसाचा.

"दवाखान्यातून आलात का बाई? वजनाला न्यायचंय?"

रायेन आत खोकत होती. मी हो म्हटलं. दुसरं कुणी काय म्हटलं असतं? हो, वजनाला. साखळी निघाली, खुर्च्या सरकल्या. आईने रायेनला दोन शालींत गुंडाळून आणलं होतं, डोक्यावर तिनेच विणलेली टोपी, तिचा नाडा ती थरथरत्या बोटांनी हनुवटीखाली बांधत होती. सकाळी तो हात थरथरत नाही. परत आणाल ना, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आणते. तिने मान हलवली, आज्ञाधारकपणे, आणि बाळ माझ्या हातात दिलं. देताना, जणू मला वाईट वाटू नये म्हणून, हळूच म्हणाली, "मागच्या बाईंनी आणली नाही. पण तुम्ही तशा वाटत नाही."

मग तिने दार लावून घेतलं. पलीकडे उभीच राहिली होती ती, दाराखालच्या फटीत तिच्या चपला दिसत होत्या.

मिर्ताबाईंच्या स्वयंपाकघरात रायेनला पाजत मी बसले होते, तेव्हा त्यांनी ते सांगितलं, पाठमोऱ्या, कप विसळत. माझ्याआधी एक मुलगी होती. लष्कराची राजवट होती तेव्हाची गोष्ट. आई विशीत होती, नवरा नव्हता, कारखान्यात लागली होती. इस्पितळात दुसऱ्या दिवशी एक बाई आली, गळ्यात कार्ड, बाळाला वजनाला नेते म्हणाली. संध्याकाळ झाली. मग सांगितलं की मूल गेलं. दाखवलं नाही, तुला बघवणार नाही, असं म्हणाले. पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर अशाच बायका दिसायला लागल्या, फोटो धरून बसलेल्या. मेली म्हणून सांगून परदेशी दत्तक दिलेल्या पोरांचे. तेव्हा मिर्ताबाई तिला म्हणाल्या होत्या, तूही जाऊन नाव दे. ती म्हणाली, नाव ठेवायच्या आधीच नेली, देऊ कुठलं? त्यावरून मग दोघींचं बोलणं बंद झालं, आणि भांडायला कपडे, मांजर असं काही काही मिळत गेलं. मी ऐकत होते. रायेनची पकड माझ्या बोटावर घट्ट होती. वर लाकडी जमिनीवर आई येरझाऱ्या घालत होती, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. मला एवढंच वाटत होतं की बत्तीस वर्षं मी तिला अगदी जवळून पाहत आले, असं धरून चालले होते; आणि ती तिथे नव्हतीच कधी. ती कितीतरी मागे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लख्ख. पाव, रेडिओ, एप्रन. भाकर का नाही आणलीस? मी सांगितलं, सर्दी आहे. ती म्हणाली, तू तिला कोंडून ठेवतेस म्हणून सर्दी होते. डॉक्टरकडे नेलं, तिथे सकाळच्याच वेळा मिळतात. तिने वार सांगितला, राष्ट्राध्यक्ष कोण ते सांगितलं, उलटे आकडे म्हटले, आणि डॉक्टरांना विचारलं की इतक्या लहान वयात तुमचे केस कसे गेले. ते हसले. कागदावर वयोमानानुसार ठीक असं लिहिलं. मी म्हटलं, संध्याकाळी बघा. ते म्हणाले, संध्याकाळी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. मी तिला आमच्याकडेही आणून पाहिलं. अंधार पडायला लागला तशी ती ला सेरेनाच्या त्या सपाट रस्त्यांवर पायऱ्या शोधत निघाली, आणि इतालोने तिला महामार्गाच्या कडेला गाठलं. तिसऱ्या संध्याकाळी ती रायेनच्या खाटेशी उभी होती. काही करत नव्हती, नुसती बघत होती, आणि मी खोलीला आतून कडी घातली. माझ्या आईच्या तोंडावर. ती बाहेर, मी आणि माझी मुलगी आत, आणि दाराखाली पुन्हा त्याच चपला. सकाळी ती स्वतःच म्हणाली, मला माझ्या घरी सोड, इथे समुद्र दिसत नाही.

एकदा मी धीर करून संध्याकाळी रायेनला घेऊन वर गेले. मनात असं की दिलेला शब्द तरी पुरा करावा. बाई, वजन झालं, ही घ्या तुमची मुलगी. गळ्यात मुद्दाम ते कार्ड घातलं होतं. आई जिन्यातच बसलेली होती, मांडीवर दोन्ही शाली घडी घालून. मला बघून उठली. शाल उलगडली, रायेनचा चेहरा उजेडाकडे वळवून खूप वेळ पाहिला, तिच्या दाताला बोट लावलं. मग शाल पुन्हा घडी केली. "ही नाही," म्हणाली. "माझी लहान आहे. तुम्ही दुसरीच आणलीत." आणि तिने माझं मनगट धरलं, शाळेच्या फाटकाशी धरायची तसंच, आणि सोडेना. माझी कुठे ठेवलीत ते सांगा, मी कुणाला बोलणार नाही, नुसतं सांगा. मिर्ताबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. तेव्हापासून संध्याकाळी मी तिच्यासमोर जाऊ शकत नाही. मला पाहिलं की ती शांत असली तरी उठते. मी गेले नाही तर निदान बसलेली असते. म्हणजे तिच्याकडे बघायला मी गेले तर जे बघायचं तेच राहत नाही, आणि नाही गेले तर माझ्या हातात पुन्हा फक्त सकाळ उरते, जिच्यावर माझा विश्वास नाही.

शोधनिबंध छापून येईल. दीर्घिका आम्ही समजत होतो त्याच्याहून पुष्कळच लांब निघाली. बाल्तिएरा खूश आहेत, पुढच्या हंगामात आणखी चार पुंजके बघू म्हणतात. वृद्धाश्रमांच्या यादीत आईचं नाव आहे. ज्यांचं डोकं ठीक नाही त्यांना आधी घेतात, आणि आईच्या कागदावर ठीक आहे असं लिहिलेलं आहे. दिवसभरासाठी ठेवलेली बाई पाच वाजले की जाते, टेकडीवरून अंधारात उतरायला तिला नको वाटतं. आणि मिर्ताबाईंना त्यांचा मुलगा अंतोफागास्ताला घेऊन चाललाय, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी. परत येईन म्हणतात. सामान मात्र सगळं बांधलंय.

तर तुम्ही कोकिम्बोला राहत असाल, किंवा काही कामाने आलात, तर माझं एक करा. मासळीबाजाराच्या मागून पायऱ्यांची गल्ली वर चढते. अर्ध्यावर पिवळ्या पत्र्याचं घर लागेल, त्याच्या वरचं आईचं. सकाळी जाऊ नका, सकाळी ती तुम्हाला चहा पाजेल, हसवेल, आणि तुम्ही समाधानाने उतराल. दिवे लागताना जा. जिन्याखाली सिलिंडर आहे, त्याची चावी आधी बंद करा. मग वर जाऊन बघा ती घरात आहे का, पायात मोजे आहेत का. गळ्यात कसलं कार्ड असेल तर काढून खिशात ठेवा. ती मुलीचं विचारेल. माहीत नाही म्हणा, तिच्याशेजारी पायरीवर बसा, काय वाटेल ते बोला; पण आणून देतो असं मात्र म्हणू नका.